घरगुती पाळणाघर : २०२४-२५ चं रिटर्न आणि थकलेली फी, कामाच्या नोंदी

पुण्यातलं घरगुती पाळणाघर. जून २०२३ पासून चालू, ११ मुलं, एक मदतनीस. पूर्ण दिवसाची पाच मुलं, महिना ६,५००. अर्ध्या दिवसाची तीन, महिना ४,०००. उरलेल्या तिघांची फी त्यांच्या पालकांची कंपनी भरते, प्रत्येकी ७,०००. हिशेब म्हणजे एक डायरी, एक पासबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप. आजवर आयकर रिटर्न भरलेलं नव्हतं. दोन कामं हातात घेतली: रिटर्न आणि थकबाकी. ती वेगवेगळी धरली, ही पहिली चूक.

६ एप्रिल २०२५

डायरी आणि पासबुक समोरासमोर लावलं. डायरीप्रमाणे पालकांकडून वर्षभरात ४,८८,५०० आले. पासबुकात पालकांची जमा ३,१५,५००, रोख ९६,०००, म्हणजे ४,११,५००. फरक ७७,०००. संध्याकाळचे चार तास गेले, फरक सापडला नाही.

डायरीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे महिन्याची चौकट आणि त्यात बरोबरची खूण. कधी दिले, कसे दिले, किती दिले, काही नाही. खूण म्हणजे ‘देतो म्हणाले’ की ‘खात्यात आले’, हे वर्षभरानंतर कुणालाच सांगता येत नाही.

९ एप्रिल

फरकातले ६४,००० सापडले. दाराशी चिकटवलेला क्यूआर कोड पाळणाघर चालवणारीच्या नवऱ्याच्या खात्याचा निघाला. ज्यांनी जुना नंबर सेव्ह करून ठेवला होता त्यांचे पैसे वर्षभर तिकडेच जात होते, दूधवाला आणि विजेच्या बिलाच्या गर्दीत. उत्पन्न पाळणाघर चालवणारीचंच, त्यामुळे ते तिच्याच हिशेबात घेतलं आणि त्या खात्याचं स्टेटमेंट फाईलला जोडलं. त्यातल्या फीच्या ओळी पेन्सिलीने खुणावून ठेवल्या. पुढे कुणी विचारलं तर तेवढंच दाखवायचं.

तो क्यूआर खरवडून काढला. नवीन लावायचा तर आधी स्वतंत्र खातं हवं. पाळणाघराच्या नावाने चालू खातं उघडायला बँकेने व्यवसायाचे दोन पुरावे मागितले, म्हणून आज उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंद) केली. आधार आणि पॅनवर होते, शुल्क शून्य. सरकारी संकेतस्थळासारख्याच दिसणाऱ्या साइट हजार-दोन हजार मागतात. पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो का तेवढं बघायचं. कामाचं वर्गीकरण विभाग ८८ खाली घेतलं, निवासाशिवायचं सामाजिक काम. शिक्षण निवडायचा मोह होतो, पण इथे शाळा चालत नाही.

दुसरा पुरावा गुमास्ता, म्हणजे दुकाने-आस्थापना कायद्याखालची नोंद. तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असले की महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याखाली नोंदणी लागत नव्हती, नमुना ‘एफ’मध्ये फक्त माहिती कळवायची होती. एजंटने १,२०० मागितले होते, काम घरबसल्या झालं. पहिला अर्ज मात्र परत आला, फोटोतला फलक इंग्रजीत होता म्हणून. २५० रुपयांचा मराठी फलक करून पुन्हा फोटो चढवला. पाच दिवस गेले.

१२ एप्रिल

उरलेले १३,००० सापडले, आणि वेळेत सापडले हे नशीब. एका पालकांनी दोन महिन्यांच्या फीचा २८ मार्चचा चेक दिला होता. चेक हातात आला तेव्हाच डायरीत खूण झाली. २ एप्रिलला बँकेत भरला, ४ एप्रिलला ‘पुरेशी शिल्लक नाही’ या मेमोसह परत आला आणि मेमो डब्यांच्या खणात पडून राहिला.

चेक न वटल्याचं कलम १३८ दिवसांवर चालतं. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस. त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात न्यायालयात तक्रार. आपल्याकडे शेवटची तारीख ४ मे. मेमोवर लाल पेनाने लिहिली.

आजपासून डायरी बंद. २०० पानी आडवी वही घेतली, रकाने असे: मुलाचं नाव / कोणत्या महिन्याची फी / बिल तारीख / बिल रक्कम / खात्यात किंवा हातात आल्याची तारीख / रक्कम / रोख, यूपीआय की चेक / पावती क्रमांक / बाकी. चेक दिला की काहीच लिहायचं नाही, वटला की लिहायचं. सारा हिशेब ‘आल्याची तारीख’ या रकान्यावर उभा राहतो. मागचं अख्खं वर्ष पुन्हा उतरवायला तीन संध्याकाळी लागल्या.

१५ एप्रिल

नव्या वहीप्रमाणे पालकांचं बिल ५,३४,०००, आले ४,७५,५००, बाकी ५८,५००:

पूर्ण दिवस, चार महिने, मूल जानेवारीत काढून घेतलं – २६,०००
न वटलेला चेक – १३,०००
अर्धा दिवस, तीन महिने – १२,०००
उशिरा नेल्याचा आकार, डायपर वगैरे, पाच घरांत मिळून – ७,५००

शेवटचे ७,५०० आजच सोडून दिले. उशिरा नेल्याची वेळ कुठेच लिहिलेली नाही, दराचा कागद नाही. त्यासाठी पाच चालू पालकांशी वाद घालणं परवडत नाही.

हे पैसे उत्पन्नात धरायचे का? व्यवसायाचा हिशेब रोख पद्धतीने ठेवता येतो: आले त्या वर्षाचं उत्पन्न, न आलेलं अजून उत्पन्न नाही. बिल केलं की जमा धरायची, अशी दुसरी पद्धत आहे. पण १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ४४एडीच्या अंदाजी योजनेत (जमेचे ठरावीक टक्के उत्पन्न धरतात) खर्च आणि बुडीत येणं वेगळं वजा मिळत नाही. म्हणजे बिलावर उत्पन्न दाखवलं आणि फी बुडाली, तर न आलेल्या पैशांचा हिशेब आपल्याच माथी. म्हणून रोख पद्धत. एकदा धरली की दरवर्षी तीच, सोयीप्रमाणे उलटसुलट नाही.

२० एप्रिल

१२,००० वाल्या पालकांना आधी पाठवलेले मेसेज वाचले. ‘जमेल तसं बघा’, ‘आठवण करतेय फक्त’. ना रक्कम, ना तारीख. आज असा पाठवला:

‘ताई, नमस्कार. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी या तीन महिन्यांची फी प्रत्येकी ४,०००, एकूण १२,००० येणं आहे. बिलांचे फोटो सोबत जोडले आहेत. ३० एप्रिलपर्यंत निम्मे आणि १० मेपर्यंत निम्मे दिलेत तरी चालेल. रकमेत काही फरक वाटत असेल तर आज-उद्या कळवा.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. ‘फरक नाही, देते’ असं उत्तर आलं की तीच येण्याची लेखी कबुली. तासाभरात आलं. दोन्ही हप्ते वेळेवर जमा झाले. हे पैसे २०२५-२६ च्या पानावर.

२१ एप्रिल

चेकची नोटीस गेली. वकिलाचे १,५००, पोचपावतीसह टपाल ९० प्रमाणे दोन पत्त्यांवर १८०. प्रवेश अर्जावरचा पत्ता भाड्याच्या घराचा आहे आणि ते घर त्यांनी सोडल्याचं कळलं, म्हणून आधारच्या प्रतीवरच्या पत्त्यावरही पाठवली. तीच २४ ला पोचली.

८ मे

१५ दिवस संपायला एक दिवस राहिला असताना १३,००० यूपीआयने आले. बँकेचा दंड आणि नोटिशीचा खर्च मागितला नाही. मूळ चेक परत दिला आणि मागच्या बाजूला सही घेतली.

१४ मे

कंपनीची बाजू. महिना २१,०००, वर्षाचं बिल २,५२,०००. फेब्रुवारी आणि मार्चचे ४२,००० अजून आलेले नाहीत. तरी फॉर्म २६एएसमध्ये (आपल्या पॅनवर कापलेल्या कराचा सरकारी उतारा) सगळे २,५२,००० आणि २५,२०० टीडीएस, म्हणजे बिलातून कापून सरकारकडे भरलेला कर, दिसतो. कारण पैसे दिले नसले तरी बिल खात्यात नोंदलं की कंपनीला टीडीएस कापावा लागतो. नवखा माणूस २६एएस बघून तेवढं सगळं उत्पन्न दाखवतो.

पहिल्या कच्च्या हिशेबात उलट चूक झाली होती: बँकेत आलेले १,८९,००० हीच जमा धरली. टीडीएससुद्धा आपलीच जमा आहे, ती फक्त सरकारकडे गेली. बरोबर आकडा दहा महिन्यांचे २,१०,०००. त्यावरचा २१,००० टीडीएस या वर्षी मागायचा, उरलेला ४,२०० पुढच्या वर्षी, जेव्हा ते ४२,००० उत्पन्नात येतील. रिटर्नच्या टीडीएस तक्त्यात ‘पुढे ओढलेला’ असा रकाना असतो.

दुसरी अडचण म्हणजे टीडीएस १९४जे खाली, १० टक्क्यांनी कापलाय. ते कलम व्यावसायिक आणि तांत्रिक सेवांचं. मुलं सांभाळणं हे कंत्राटी काम, १९४सी, व्यक्तीला १ टक्का. महिन्याला २,१०० ऐवजी २१०. वर्षभर २३,००० च्या आसपास पैसे विनाकारण अडकले. कंपनीच्या हिशेबनीसाला पत्र दिलं. मागचं दुरुस्त करणार नाही म्हणाले, एप्रिलपासून १९४सी मान्य.

त्याच पत्रात थकलेल्या ४२,००० चा विषय. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. नाहीतर चक्रवाढ व्याज, शिवाय आयकराच्या कलम ४३बी(एच) मुळे पैसे देईपर्यंत कंपनीला तो खर्च वजा मिळत नाही. ही दोन बिलं आपल्या नोंदणीच्या आधीची, त्यामुळे त्यांच्यासाठी हा मुद्दा लंगडा होता. पत्रात हक्क सांगितला नाही, नोंदणी क्रमांक आणि ‘पुढील बिलांसाठी’ एवढंच लिहिलं. २० मेला ३७,८०० जमा झाले. नोंदणी दोन वर्षांपूर्वीच करायला हवी होती, फुकट होती.

कंपनीशी लेखी करार केला, ५०० च्या स्टॅम्पवर. शंभरचा स्टॅम्प ऑक्टोबर २०२४ पासून करारांना चालत नाही.

२ जून

पावत्या. एका पालकांनी पावतीवर ‘ट्यूशन फी’ लिहून मागितलं, आयकरातल्या ८०सी वजावटीसाठी. दिलं नाही. ती वजावट पूर्णवेळ शिक्षणाच्या शिकवणी शुल्काची आहे, पाळणाघराची नाही, आणि उद्या चौकशी झाली तर खोटी पावती आपल्या सहीची निघेल.

जुन्या छापील पावतीपुस्तकात जीएसटीची ओळ आहे. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत, नोंदणी नाही, त्यामुळे एक रुपयाही जीएसटी म्हणून घ्यायचा नाही. ओळ खोडत बसण्यापेक्षा दुप्रतीचं नवं पुस्तक छापून घेतलं, ३२०. रोख ५,००० च्या वरच्या पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प, तो टपाल कार्यालयात मिळतो. एका फेरीत पन्नास आणून ठेवले.

२६ जून

व्यवसाय कर. स्वतःच्या धंद्यासाठी वर्षाला २,५००, आधीपासून नोंद असलेल्यांना ३० जूनपर्यंत. इथे नोंदच नव्हती. जून २०२३ पासूनची घेतली: तीन वर्षांचे ७,५००, व्याज आणि उशिराचा दंड वेगळा. सगळ्या कामात सर्वांत झोंबलेला खर्च हा.

५ जुलै

रिटर्नचा पहिला मसुदा रद्द. २६एएसमध्ये १९४जे दिसतंय म्हणून ४४एडीए, म्हणजे व्यावसायिकांची योजना निवडली होती, जमेच्या निदान ५० टक्के उत्पन्न. ती ठरावीक व्यवसायांची यादी आहे: डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, हिशेबतपासनीस वगैरे. पाळणाघर त्यात नाही. कापणाऱ्याने चुकीचं कलम लावलं म्हणून आपला धंदा बदलत नाही. म्हणून आयटीआर-४ हा रिटर्नचा फॉर्म, कलम ४४एडी, व्यवसाय कोड १९००२. त्याच्या वर्णनात कंसात ‘क्रेश’ असंच लिहिलेलं आहे. आधी कोचिंगचा कोड टाकला होता.

आकडे:

बँक आणि यूपीआयने: ३,७९,५०० + २,१०,००० = ५,८९,५००, त्याचे ६ टक्के ३५,३७०
रोख: ९६,०००, त्याचे ८ टक्के ७,६८०
किमान उत्पन्न: ४३,०५०

इथे बहुतेक जण थांबतात आणि ४३,०५० लिहून मोकळे होतात. आम्ही नाही थांबलो. ६ आणि ८ टक्के हा किमान आकडा, खरी शिल्लक जास्त असेल तर ती दाखवायची. मदतनीसाचा पगार १,१४,०००, दूध-फळं-खाऊ १,०२,०००, वीज-गॅस-पाणी ३१,०००, खेळणी, गाद्या, साफसफाई ३८,५००, फोन-कागद ८,०००. एकूण खर्च २,९३,५००. जमा ६,८५,५००. शिल्लक ३,९२,०००. तेच लिहिलं.

बचत खात्याचं व्याज २,९०० धरून ३,९४,९००. २०२४-२५ साठी नव्या कर पद्धतीत ३ लाखांच्या वर ५ टक्के होते, म्हणजे ४,७४५ कर, आणि ७ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला ८७ए ची सूट होती, त्यामुळे तो शून्य. खरा आकडा लिहून एक रुपया जास्त लागला नाही. उद्या गृहकर्जाला बँक हेच रिटर्न मागेल, तेव्हा ४३ हजार उत्पन्नावर कोण कर्ज देणार?

११ जुलै

२६,००० ची थकबाकी. एप्रिलपासून तीन पत्रं, उत्तर एकच: ‘मूल येतच नव्हतं, फी कसली?’ जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, शिवाजीनगर न्यायालयात, दावापूर्व (दावा लावण्याआधीचं) प्रकरण म्हणून लोकअदालतीसाठी अर्ज दिला. कोर्ट फी नाही. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळतं, ते घेतलं. जोडलं ते: सही असलेला प्रवेश अर्ज, चार बिलं, हजेरीपट, मेसेजचे प्रिंट, आधीच्या महिन्यांच्या फीचा यूपीआय तपशील. फीवरचा हक्क साधारण तीन वर्षांत बजावायचा असतो, त्यामुळे घाई नव्हती. पण पालक शहर सोडून गेले की पत्ता शोधण्यातच वर्ष जातं.

१९ जुलै

रिटर्न भरलं. माल शून्य, रोख शिल्लक २,१५०. येणं शून्य. इथे ५८,५०० लिहिण्याचा मोह होतो. रोख पद्धत म्हणायची आणि येणंही दाखवायचं, हे जुळत नाही. येण्याची यादी वहीत आहे, तिथेच राहील. टीडीएस तक्ता: कापलेला २५,२००, या वर्षी मागितलेला २१,०००, पुढे ४,२००.

आधार ओटीपीने लगेच पडताळणी केली. ३० दिवसांची मुदत असते, पण ‘नंतर करू’ म्हटलं की राहतंच.

रिटर्नची मुदत २०२५ मध्ये १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली होती. तिची वाट बघितली नाही. परताव्याचं खातं मात्र अजून अडलेलं आहे: पॅनवर माहेरचं आडनाव, बँकेत सासरचं, आणि पोर्टल खातं मान्य करत नाही. पॅन दुरुस्तीचा अर्ज विवाह नोंदणी दाखल्यासह, १०७ रुपये. हे एप्रिलमध्येच करायचं काम होतं.

४ ऑगस्ट

पॅनवरचं नाव बदललं. खातं पुन्हा टाकलं, दोन दिवसांत मान्य.

२८ ऑगस्ट

परतावा जमा, २१,५३०. मूळ २१,००० वर एप्रिल ते ऑगस्ट महिना अर्धा टक्का व्याज ५२५, रक्कम दहाच्या पटीत. वरचे ५३० हे २०२५-२६ चं उत्पन्न, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले, नाहीतर पुढच्या जुलैत विसरले जातील.

१३ सप्टेंबर

राष्ट्रीय लोकअदालत. समोरचे आले, हे निम्मं काम. तिथे कुणाला येण्याची किंवा तडजोडीची सक्ती नाही. न आल्यास दिवाणी दावा एवढीच वाट.

हजेरीपटावर शेवटच्या १८ दिवसांत मुलाच्या नावापुढे ‘आला’ होतं, पण सही फक्त मदतनीसाची. ‘तुमचाच कागद, तुमचीच सही,’ असं ते म्हणाले, आणि त्यावर उत्तर नव्हतं. पॅनलसमोर १८,००० वर तडजोड झाली, ६,००० चे तीन हप्ते, यूपीआयने, दर महिन्याच्या २० तारखेला. निवाडा लेखी मिळाला, त्यावर अपील नाही. ८,००० गेले ते सहीमुळे.

१५ सप्टेंबर

हजेरीपट बदलला. चार रकाने: आणल्याची वेळ, आणणाऱ्याची सही, नेल्याची वेळ, नेणाऱ्याची सही. पेन दोरीने दाराला बांधलं. पहिल्याच दिवशी दोन आजोबांनी ‘आम्हालाही सही?’ म्हणून विचारलं. हो, आजोबांनाही.

प्रवेश अर्जात भर: फी महिन्याच्या ५ तारखेपर्यंत आगाऊ; मूल काढायचं तर एक महिना आधी लेखी; सुट्टीतही जागेची फी लागू; संध्याकाळी ७ नंतर दर अर्ध्या तासाला १००; एक महिन्याची अनामत. अनामत परत द्यायची असल्याने ती जमेत धरायची नाही, तिला वहीच्या शेवटी वेगळं पान. फीत वळती केली तर त्या दिवशी ती जमा.

आतापर्यंतचा खर्च: नोटीस १,५००, टपाल १८०, स्टॅम्प ५००, फलक २५०, पावतीपुस्तक ३२०, पॅन १०७, व्यवसाय कर ७,५०० आणि वर व्याज-दंड. वेळ ४१ तास, त्यातले निम्मे जुनी डायरी उलगडण्यात.

२२ सप्टेंबर

पहिला हप्ता ६,०००, दोन दिवस उशिरा. पावती क्रमांक ११८. बाकी १२,०००.